इम्पोर्टनंतरची रिकामी ओळ : एका छोट्या नियमाचा इतिहास

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझा कोड मी पहिल्यांदा लॅबच्या सामायिक रिपॉझिटरीत टाकला आणि लिंटरने १८७ वॉर्निंग दाखवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बदलापूरला लोकलमध्ये चक्क बसायला मिळालं, म्हणून ती यादी मोबाइलवर उघडली. मनात धाकधूक होती. मी एमएस्सी भौतिकशास्त्रातली, प्रोग्रामिंग जेमतेम एक सेमिस्टर शिकलेले. वाटलं, समीकरणंच चुकली असणार. अंबरनाथ गेलं, उल्हासनगर आलं, तोवर शंभरेक ओळी वाचून झाल्या होत्या आणि त्यात भौतिकशास्त्राची एकही चूक नव्हती. इथे दोन रिकाम्या ओळी हव्यात, एकच आहे. इथे रिकाम्या ओळी जास्त झाल्या. एका ओळीत दोन इम्पोर्ट आहेत. इम्पोर्ट फाइलच्या सुरुवातीला नाही. शेवटपर्यंत असंच.

लॅबमध्ये पोचल्यावर सिनिअर ताईला विचारलं, "इम्पोर्टनंतर एक ओळ सोडली काय नि दोन सोडल्या काय, कॉम्प्युटरला काय फरक पडतो?"

ती म्हणाली, "काहीच नाही."

"मग?"

"मग सोड ना ओळ! वाद कशाला घालतेस?"

तिचं उत्तर बरोबर होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं मला नंतर नऊ दिवस घालवून कळलं. ते पुढे सांगतेच. आधी मला पडलेला प्रश्न इतिहासाचा होता: ही रिकामी ओळ ठरवली कोणी? आणि माणसाने माणसाला दिलेला हा सल्ला यंत्राच्या हातात कधी गेला? तुमच्यापैकी जे पेटची किंवा नेटची तयारी करताहेत आणि विज्ञानशाखेतून येताहेत, त्यांच्यापैकी बहुतेकांना पुढे कोड लिहावा लागणार आहे. मग ही १८७ वॉर्निंगची यादी तुमच्याही वाट्याला येईल. ती कशी वाचायची हे कळण्यासाठी हा इतिहास उपयोगी आहे.

साहित्य आणि कृती

ज्यांनी अजून पायथन लिहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोणतीही पाककृती उघडा. आधी 'साहित्य', मग थोडी मोकळी जागा, मग 'कृती'. साहित्याची यादी वाचूनच आपल्याला कळतं की हा पदार्थ आज घरात होईल की दुकानात जावं लागेल. पायथनच्या फाइलमधल्या इम्पोर्टच्या ओळी म्हणजे ही साहित्याची यादी. गणितासाठी अमुक लायब्ररी, आलेखासाठी तमुक, आणि माझ्याच दुसऱ्या फाइलमधली ही दोन फंक्शनं.

या यादीचे रूढीने तीन गट पडतात. पहिला गट पायथनसोबतच येणाऱ्या, म्हणजे घरात असलेल्याच वस्तूंचा. दुसरा बाहेरून बसवलेल्या लायब्रऱ्यांचा, म्हणजे बाजारातून आणलेल्या सामानाचा. तिसरा आपण स्वतः लिहिलेल्या फाइलींचा, म्हणजे आपण घरी केलेल्या वाटणाचा. प्रत्येक गटामध्ये एक रिकामी ओळ. यादी संपली की पुन्हा रिकामी जागा, आणि मग कृती.

आमच्या शेजारच्या उल्हासनगरचं उदाहरण इथे चांगलं लागू पडतं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेली लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना राहायला दिली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे उल्हासनगरची कोनशिला बसली. छावणी गेली, पण पत्ते छावणीचेच राहिले. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना कॅम्प नंबर, सेक्शन, बॅरेक असं वरून खाली सांगतो. नवख्या माणसालाही घर सापडतं. "त्या मोबाइलवाल्याच्या मागच्या गल्लीत" हा पत्ता मात्र ज्याला मोबाइलवाला माहीत आहे त्यालाच उपयोगी. पायथनमध्येही इम्पोर्टचे असे दोन प्रकार आहेत, पूर्ण पत्त्याचे आणि 'इथून मागच्या गल्लीत' प्रकारचे. नियमावली पूर्ण पत्त्याची शिफारस करते, कारण वाचणारा नवखा असेल हे तिने गृहीत धरलंय.

हे सगळं वाचणाऱ्याच्या सोयीचं आहे. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची जागा, म्हणजे इंडेंटेशन, अर्थ ठरवते. ती बदलली तर प्रोग्राम बदलतो किंवा चालतच नाही. दोन ओळींमधली रिकामी ओळ मात्र इंटरप्रिटर सरळ ओलांडून जातो.

जागा सोडायला आपण कधी शिकलो?

वाचणाऱ्याच्या सोयीसाठी जागा सोडणं आपल्याला इतकं स्वाभाविक वाटतं की ते कधीतरी सुरू झालं असेल हे लक्षातच येत नाही. त्यासाठी अंबरनाथला उतरून शिवमंदिरात जा. वालधुनीच्या काठावरचं हे मंदिर शिलाहारांच्या काळातलं. त्यात उत्तरेकडच्या दाराच्या वरच्या तुळईवर शिलालेख आहे. जुन्या शिलालेखांत आपण आज सोडतो तशी शब्दाशब्दात जागा नसते. अक्षरं एकापाठोपाठ एक कोरलेली असतात. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने भाषेच्या ज्ञानावर ठरवायचं.

पोथ्यांतही बहुधा हेच. मोडी लिपीत तर आणखी. आधी कागदभर आडवी रेघ मारायची आणि तिच्याखाली शक्यतो हात न उचलता लिहीत जायचं. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हं नाहीत. लिहिणाऱ्या कारकुनाचा वेग वाढायचा आणि वाचण्याचा भार वाचणाऱ्यावर पडायचा. इतिहास विभागातल्या ज्या मैत्रिणी मोडी शिकताहेत त्यांना विचारा. अक्षरं ओळखता येऊ लागल्यावरही शब्द तोडणं हे वेगळंच कौशल्य आहे असं त्या सांगतात.

छपाई आली आणि हिशोब उलटला. एकाने एकदा खिळे जुळवायचे आणि शेकडो लोकांनी वाचायचं, तर कष्ट जुळवणाऱ्याने घेतलेले परवडतात. एकोणिसाव्या शतकात मराठी शाळांची पुस्तकं छापली जाऊ लागली तेव्हा कुठे थांबायचं, कुठे जागा सोडायची याचे नियम लागले. मोल्सवर्थच्या १८३१ सालच्या मराठी–इंग्रजी शब्दकोशात ज्यांचा हातभार होता त्या मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक काढलं. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम मराठीत रुळण्यामागे हा प्रयत्न आहे. कँडी सरकारी भाषांतराचं आणि पाठ्यपुस्तकं तपासण्याचंही काम करत. म्हणजे नियम सांगणारा आणि नियमाप्रमाणे तपासणारा माणूस एकच. त्यांच्या या देखरेखीवर पुढे टीकाही झाली, की मराठीला इंग्रजी वळण लागतंय. हा तक्रारीचा सूर लक्षात ठेवा, कारण कोडच्या बाबतीतही तो पुन्हा ऐकू येतो.

पुढे मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनविषयक १४ नियम १९६२ मध्ये राज्य शासनाने मान्य केले, १९७२ मध्ये आणखी ४ आले, आणि आज शाळेत आपण हे १८ नियम शिकतो. तरी दुकानांच्या पाट्यांवर 'स्टेशन समोर' असं तोडून लिहिलेलं रोज दिसतं. शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचं, 'स्टेशनसमोर', हे सगळे शिकलेले असतात. नियम माहीत असणं आणि तो दरवेळी पाळला जाणं यात असं अंतर राहतंच. लिंटर आले ते याच अंतरात.

लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेला कापूस

लिंट म्हणजे कपड्यावर चिकटून राहणारे कापसाचे बारीक धागे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास 'लिंट' नावाचा प्रोग्राम लिहिला. सी भाषेतला कोड कंपायलर स्वीकारतो, पण त्यात संशयास्पद असं काही चिकटलेलं असतं: न वापरलेलं व्हेरिएबल, प्रकार न जुळणारा आर्ग्युमेंट, कधीच न गाठली जाणारी ओळ. ते लिंट वेचून दाखवायचा.

पहिल्या लिंटला रिकाम्या ओळींशी काही देणंघेणं नव्हतं. तो चुकांच्या मागे होता. मोकळ्या जागेचे नियम या कुटुंबात नंतर आले. माझ्या मते आजच्या लिंटरच्या यादीतला सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो: चुकांचा संशय आणि मांडणीची रूढी एकाच यादीत, एकाच लाल रंगात येऊ लागली.

माझे बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये तपासणीच्या कामाला होते. लहानपणी त्यांनी मला गेज दाखवलं होतं. दोन टोकांचा दांडा. भोकात एक टोक गेलंच पाहिजे, ते 'गो'. दुसरं जाताच कामा नये, ते 'नो गो'. मी त्यांना लिंटर काय असतो ते समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे गेजच की. पण बाळा, गेज फक्त माप सांगतं. पार्ट कुठल्या मशीनचा आहे हे गेजला ठाऊक नसतं." तेव्हा मी हसले होते.

सल्ला, तपासणी, दुरुस्ती

आता मूळ नियमाकडे. पायथनची पहिली आवृत्ती गिदो व्हान रॉसम यांनी फेब्रुवारी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. दहा वर्षांनी, जुलै २००१ मध्ये, 'पेप ८' नावाची शैलीची नियमावली आली. गिदो यांचं आधीचं शैलीविषयक टिपण आणि बॅरी वॉर्सॉ यांच्या सूचना यांवरून ती तयार झाली. प्रत्येक इम्पोर्ट वेगळ्या ओळीत, सगळे फाइलच्या सुरुवातीला, तीन गट, गटांमध्ये रिकामी ओळ, बाहेरच्या पातळीवरच्या फंक्शनांच्या आगेमागे दोन रिकाम्या ओळी. माझ्या यादीतले बहुतेक नियम इथले.

गंमत अशी की याच नियमावलीत अगदी सुरुवातीला सांगितलंय की सुसंगतीचा हट्ट मूर्खपणाचा ठरू शकतो. कुठे नियम मोडायचा हे कळणं सगळ्यात महत्त्वाचं. म्हणजे ज्यांनी नियम लिहिले त्यांनी तो माणसांसाठी, विवेकाने वापरायचा सल्ला म्हणून लिहिला होता.

२००६ मध्ये योहान रोखोल यांनी हा सल्ला तपासणारा प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नावही 'पेप८' ठेवलं. प्रत्येक नियमाला क्रमांक मिळाला. दोन रिकाम्या ओळी हव्यात, ई३०२. रिकाम्या ओळी जास्त, ई३०३. एका ओळीत अनेक इम्पोर्ट, ई४०१. इम्पोर्ट सुरुवातीला नाही, ई४०२. सल्ल्याला क्रमांक मिळाला की तो कायद्यासारखा दिसू लागतो. लोक प्रोग्रामने दाखवलेली वॉर्निंग म्हणजेच मूळ नियमावली असं धरून चालले. शेवटी खुद्द गिदो यांनी नाव बदलायची विनंती केली आणि २०१६ मध्ये त्या प्रोग्रामचं नाव 'पायकोडस्टाइल' झालं. नाव बदलण्यामागचं हे कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. नियम आणि नियम मोजणारं यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नावातही दिसायला हवं होतं.

पुढची पायरी दुरुस्तीची. तपासून दाखवायचं कशाला, यंत्रानेच बदलून टाकावं. गो भाषेसोबत २००९ मध्येच 'गोएफएमटी' आला होता, जो कोडची मांडणी एकाच ठरलेल्या पद्धतीने करून देतो. पायथनमध्ये २०१३ साली टिमोथी क्रॉसली यांचा 'आयसॉर्ट' आला, खास इम्पोर्टसाठी. तो गट पाडतो, गटात वर्णानुक्रम लावतो, मध्ये रिकामी ओळ टाकतो. यादीनंतर फंक्शन किंवा क्लास असेल तर दोन ओळी सोडतो, नाहीतर एक. २०१८ मध्ये वुकाश लांगा यांचा 'ब्लॅक' आला आणि त्याने निवडीला जवळजवळ जागाच ठेवली नाही. २०२२ मध्ये चार्ली मार्श यांचा 'रफ' आला, तो हे सगळं एकट्याने आणि फार वेगाने करतो.

जावास्क्रिप्टमध्येही हीच वाट दिसते. २००२ मध्ये डग्लस क्रॉकफर्ड यांचा 'जेएसलिंट', जो लेखकाची मतं न विचारता लादायचा. २०१३ मध्ये निकोलस झाकास यांचा 'ईएसलिंट', जिथे प्रत्येक नियम चालू-बंद करता येतो. २०१५ च्या मानकात जावास्क्रिप्टला स्वतःचा इम्पोर्ट मिळाला आणि त्यासाठीच्या प्लगइनमध्ये नियम आला: शेवटच्या इम्पोर्टनंतर एक रिकामी ओळ हवी. पण २०२३ मध्ये ईएसलिंटच्या चमूने मांडणीचे मूळ नियम आपण यापुढे सांभाळणार नाही असं जाहीर केलं. ते वेगळ्या प्रकल्पाकडे गेले. म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी एका लिंटरने पुन्हा चुका एकीकडे आणि मोकळी जागा दुसरीकडे अशी वाटणी केली.

हे मला आधी माहीत असतं तर माझे नऊ दिवस वाचले असते.

माझे नऊ दिवस

माझा विषय दाणेदार पदार्थांचं सिम्युलेशन. वाळू, धान्य, गोळ्या कशा घसरतात, कुठे अडतात. दाण्यांच्या टकरी शोधण्याची एक नवी पद्धत मी लिहिली होती आणि प्रगती-सेमिनारसाठी जुन्या आणि नव्या पद्धतीच्या वेळेची तुलना करायची होती. जुन्या पद्धतीच्या वेळा आधीच घेऊन ठेवल्या होत्या. नव्या घ्यायच्या त्याच्या आदल्या रात्री मी ठरवलं, या १८७ वॉर्निंग एकदाच्या संपवू.

रिकाम्या ओळी यंत्राने टाकून दिल्या. उरल्या थोड्या ई४०२, इम्पोर्ट सुरुवातीला नाही. माझ्या मुख्य फाइलमध्ये इम्पोर्टच्या वर एक ओळ होती. सिनिअर ताईच्या जुन्या फाइलमधून जशीच्या तशी आलेली. तिच्यात एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल भरून सांगितलेलं होतं की गणिताच्या लायब्ररीने एकच थ्रेड वापरावा. त्या ओळीमुळे खालचे सगळे इम्पोर्ट 'उशिरा' ठरत होते. मी ती ओळ उचलली, इम्पोर्टच्या खाली ठेवली, मध्ये छानपैकी एक रिकामी ओळ सोडली. वॉर्निंग शून्य. ३१ फाइली बदलल्या होत्या. एकच कमिट केलं, संदेश लिहिला 'साफसफाई', आणि झोपले.

नव्या पद्धतीच्या वेळा आल्या त्या भयंकर. जुनी पद्धत चार तास घेत होती, नवी अकरा. सेमिनारच्या मसुद्यात तक्ता घातला. गाईड मॅडमनी पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, "मग ही पद्धत सोडून देऊ. प्रयत्न केलास, उपयोग झाला नाही, असं होतं." पाच महिन्यांचं काम होतं ते.

झालं होतं ते असं. ती लायब्ररी थ्रेडची संख्या स्वतः लोड होताना वाचते. इम्पोर्ट आधी आणि सूचना नंतर, म्हणजे गाडी सुटल्यावर प्लॅटफॉर्मची घोषणा. आमच्या मशीनला १६ कोअर आणि मी एकावेळी १६ कामं लावत होते. एका कामाला एक थ्रेड, असा हिशोब होता. आता प्रत्येक काम १६ थ्रेड उघडत होतं, म्हणजे १६ कोअरवर २५६ थ्रेडची गर्दी. उत्तरं बरोबरच येत होती, म्हणून कुठली चाचणी ओरडली नाही. फक्त वेळ चुकत होती, आणि माझा मुद्दाच वेळेचा होता.

शोधायला नऊ दिवस लागले कारण मी अल्गोरिदममध्येच चूक शोधत बसले. 'साफसफाई'च्या कमिटवर संशय यायला एक आठवडा गेला, आणि आला तेव्हा त्यात ३१ फाइलींमधल्या शेकडो रिकाम्या ओळींच्या बदलात ती एक हललेली ओळ लपली होती. दोन रात्री डिफ ओळीने वाचून काढला तेव्हा सापडली. ओळ परत वर नेली, दोन्ही पद्धतींच्या वेळा एकाच दिवशी पुन्हा घेतल्या. नवी पद्धत अडीच तास. मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "जुना तक्ता फाडू नकोस. वहीत ठेव, आणि चूक कशी झाली ते त्याच्या शेजारी लिही."

एकाच यादीत दोन प्रकार

मी त्या रात्री काय केलं होतं हे आता नीट सांगता येतं. ई३०२ आणि ई४०२ मला सारखेच दिसले. दोन्ही लाल, दोन्ही 'ई'ने सुरू होणारे. पण एक वाचकासाठीची रूढी आहे. दुसरा मात्र क्रमाला हात घालतो, आणि क्रम यंत्रालाही कळतो.

आमच्या मार्गावरची स्टेशनंच घ्या. वर्णानुक्रमाने लावली तर अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर. टेलिफोनच्या यादीत हे चालेल, शोधायला सोपंही जाईल. पण मुंबईहून येणारी गाडी आधी उल्हासनगर घेते, मग अंबरनाथ, मग बदलापूर. वेळापत्रक कोणी वर्णानुक्रमाने 'साफ' केलं तर ते फार सुबक दिसेल आणि कोणाचीही गाडी चुकेल. बहुतेक इम्पोर्ट टेलिफोनच्या यादीसारखे असतात, कुठल्याही क्रमाने चालतात. काही थोडे वेळापत्रकासारखे असतात. आलेखाची लायब्ररी पडद्याशिवाय चालवायची असेल तर तशी सूचना आलेखाचा मॉड्यूल लोड होण्याआधी देण्याची पद्धत, फाइलींचा शोधमार्ग बदलणारी ओळ, थ्रेडची माझी ओळ. गेजला हे कळत नाही. बाबा तेच सांगत होते.

तरीही यातून लिंटर बंद करून ठेवावा असा निष्कर्ष मी काढत नाही. उलट त्या शेकडो रिकाम्या ओळी पहिल्या दिवसापासून यंत्राने टाकल्या असत्या तर हललेली ती एक ओळ डिफमध्ये एकटीच दिसली असती. ताईने किंवा मॅडमनी ती एका मिनिटात पकडली असती. मोकळ्या जागेचा नियम यंत्राला देऊन टाकायचा तो यासाठीच, की माणसाचं लक्ष हललेल्या ओळीसाठी उरावं.

आता मी जे पाळते ते सांगते. प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी फॉरमॅटर बसवायचा, शंभर फाइली झाल्यावर नाही. उशीर झालाच असेल तर मांडणीचा बदल स्वतंत्र कमिटमध्ये, त्यात दुसरं काहीही नाही. गिटमध्ये २०१९ च्या २.२३ आवृत्तीपासून अशी कमिटं ओळीचा इतिहास पाहताना वगळता येतात, म्हणजे 'ही ओळ कोणी लिहिली' याच्या उत्तरात फॉरमॅटर येत नाही. इम्पोर्टच्या क्रमाची वॉर्निंग आली तर ओळ हलवण्याआधी विचारायचं, ही इथे का आहे? कारण असेल तर ते शेजारी साध्या शब्दांत लिहायचं आणि त्या एका ओळीपुरती वॉर्निंग बंद करायची. ताईच्या फाइलीत ती ओळ होती, कारण लिहिलेलं नव्हतं. आता आहे. आणि साफसफाईनंतर वेळा किंवा निकाल घ्यायचे असतील तर तुलनेच्या दोन्ही बाजू पुन्हा घ्यायच्या.

शेवटी पुन्हा अंबरनाथ. त्या शिलालेखातलं शक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ७८२ असं वाचलं होतं, म्हणजे इसवी सन ८६०. नंतर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेच शक ९८२ वाचलं, म्हणजे १०६०, आणि आज मंदिराचं साल म्हणून आपण तेच सांगतो. एका आकड्यात दोनशे वर्षांचा फरक. भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली शिकून तयार झालेले. सहायकाला आपल्या गुरूचं वाचन दुरुस्त करता आलं, कारण दगड होता तसाच जागेवर होता. पहिल्या वाचनाशी जुळावं म्हणून तो कोणी घासून नीटनेटका केला नव्हता. भाऊ दाजींचं वाचनही छापलेलं होतं, म्हणून फरक नेमका कुठे आहे हे दाखवता आलं.

माझ्या वहीत तो चुकीचा तक्ता अजून आहे. अकरा तासांचा. शेजारी तारीख आहे आणि त्या कमिटचा क्रमांक.